खाजरा वेल

आपा,

सावंतांनी परवा पुन्हा चार ओळी मागितल्या. तुम्हाला नेऊन दोन दिवस झाले होते. मी दूध घेऊन वर चढत होते, ते जिन्यातच भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, घाईत असतात. म्हणाले, "मॅडम, हलीमाआपांचं बोर्डवर लावायचंय. श्रद्धांजली टाइप. तुमचं मराठी कडक आहे, चार लाइनी लिहून द्या ना. प्रिंट मी काढतो."

मी हो म्हटलं. घरी येऊन कागद घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले. 'मनमिळाऊ', 'सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या' असले शब्द सुचत होते, आणि ते खोटे नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी याच बोर्डसाठी, याच सावंतांच्या सांगण्यावरून, मी तुमच्याबद्दल आणखी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या खोट्या होत्या. त्या तशाच ठेवून या नव्या ओळी लिहायला हात उचलेना. म्हणून हे लिहिते आहे. चार ओळींत मावणार नाही.

आपण एका इमारतीत चौदा वर्षं नुसत्या तोंडओळखीच्या होतो. तुम्ही तळमजल्यावर, मी तिसऱ्या. सकाळी नेरूळला कॉलेजच्या लायब्ररीत जायचं, संध्याकाळी परत यायचं, दोन्ही वेळा गेटपाशी तुम्ही दिसायच्या, मी मान हलवायची. बोलणं सुरू झालं ते मी निवृत्त झाल्यावर, आणि तेही माझ्या मरायला टेकलेल्या मनीप्लांटमुळे. गॅलरीच्या ग्रिलला टांगलेली ती कुंडी मी कचऱ्यात टाकायला खाली आणली होती. तुम्ही वाट अडवलीत.

"काय करतेस, बाय?"

"टाकतेय. पिवळा पडलाय सगळा."

"पडेल नायतर काय. टांगलायस ना त्याला." कुंडी तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. "टांगलेला वेल म्हंजे पाय वर करून ठेवलेला मानूस. जगेल, पन वाढेल काय?"

मग तुम्ही मला गेटजवळच्या जंगली बदामाखाली नेलंत. त्या झाडाच्या खोडावरून एक वेल चढत गेला होता, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. खालची पानं तळहाताएवढी, वरची परातीएवढी, कडा चिरलेल्या, हिरव्यावर पिवळे शिंतोडे. चौदा वर्षं मी त्याच्या शेजारून जात होते आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"तुजाच हाय हा," तुम्ही म्हणालात. "मनीपलांट."

मला खरं वाटलं नाही. इतकं मोठं पान मनीप्लांटचं कसं असेल, हे केळीचं कुणीतरी भाऊबंद असेल, असं मी तुम्हाला शहाणपणाने सांगितलं. तुम्ही वाद घातला नाहीत. "तुज्या बुकात बघ," एवढंच म्हणालात. मी दोन दिवस पुस्तकं चाळली आणि तिसऱ्या दिवशी खाली येऊन कबूल केलं की तुमचं बरोबर आहे.

त्यानंतर गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर आपली शाळाच सुरू झाली. मी वाचलेलं सांगायची आणि तुम्ही तपासून घ्यायच्या. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचा, मी सांगितलं. तिथल्या दमट जंगलात तो जमिनीवरून सरपटतो, एखादं खोड सापडलं की मुळांनी त्याला धरून उजेडाकडे चढतो, आणि जसजसा वर जातो तसतशी पानं मोठी होत जातात. बाटलीत, कुंडीत, टांगून ठेवला तर तो आयुष्यभर बाळच राहतो.

"म्हंजे घरोघरी लोकांनी लहान पोरंच पाळलीत," तुम्ही म्हणालात. "वय झालं तरी पोरंच."

तुम्हाला हे पुस्तकातून कळायची गरजच नव्हती. श्रीवर्धनकडे तुमच्या वडिलांची पोफळीची वाडी होती आणि दर पोफळीवर मिऱ्याचा वेल होता. वेल कसा बांधायचा, कुठल्या पेरापाशी खोडाला टेकवायचा, हे तुमच्या बोटांत होतं. सानपाड्यात आल्यावर वाडी नव्हती, मिरी नव्हती, होता तो एक बदाम आणि कुणीतरी फेकून दिलेली मनीप्लांटची बाटली. तुम्ही त्यावर भागवलंत.

एकदा मी सांगितलं की काही ठिकाणी लोकांनी हा शोभेसाठी लावला आणि तो बागेतून निसटून जंगलात शिरला, झाडंच्या झाडं झाकून टाकली. तुम्ही गंभीर झालात आणि म्हणालात, "म्हंजे माळ्याचं लक्ष नव्हतं." ते वाक्य मला पुढे फार आठवलं.

हा घरातली हवा शुद्ध करतो असं लोक म्हणतात, पण त्यासाठी इतक्या कुंड्या लागतील की बसायला जागा उरणार नाही, हे सांगितल्यावर तुम्ही इतक्या हसलात की वॉचमन बघायला आला. माशांच्या टाकीत याची मुळं सोडली तर पाणी स्वच्छ राहतं, हे मात्र तुम्हाला पटलं. आणि याच्या चिकाविषयी मी जे वाचून दाखवलं तेही पटलं. याच्या पानात, देठात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते, लाळ गळते, मांजरा-कुत्र्यांनाही त्रास होतो.

"म्हंजे अळूसारखा," तुम्ही म्हणालात. "खाजरा."

"अळूचाच नातेवाईक आहे. सुरणाचाही."

"मग तसं सांग ना सरळ. अळू चिंच घालून खातो की आपन, म्हनून त्याला काय जहर म्हनतो?"

शब्द तुम्ही दिलात, आपा. खाजरा. मी वहीत लिहून घेतला होता.

एक वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायची, हा घरी-दारी लावलेला वेल कधी फुलत नाही, तसं लिहिलंय. तुम्ही म्हणायच्या, "लिवणाऱ्याने वाट बघितली नसेल. मी आणीन फूल." दर वर्षी पावसाळा संपला की तुम्ही मान वर करून शेंड्याकडे बघायच्या आणि मी गालातल्या गालात हसायची.

माझी कुंडी तुम्ही परत दिली नाहीत. नवा तुकडा माग म्हणालात, आणि मी मागितल्यावर, "असा नाय द्यायचा. मनीपलांट चोरून न्यायचा असतो, मागितलेला लागत नाय," म्हणालात. मी लायब्ररीत पस्तीस वर्षं काढलेली बाई, पुस्तकाचं पान दुमडलं तरी ज्याला त्याला बोलणारी. मला चोरी कशी जमायची? मी अवघडून उभी राहिले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं, मी तोंड फिरवते. तू ने," आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात, साडीवरून घेतलेली ओढणी सारखी करत. मी एक पेर खुडलं. "झालं?" तुम्ही भिंतीला विचारलंत. "झालं," मी म्हटलं. मग तुम्ही वळलात आणि मोठ्याने ओरडलात, "वॉचमन, चोर आला होता काय रे इथे?"

त्या दिवसापासून आपलं नातं जुळलं असं मी धरते.

आता ती दुपार.

माझी नात रेवा दीड वर्षाची होती. मुक्ता, माझी मुलगी, आठवड्यातून दोन दिवस तिला माझ्याकडे सोडून ऑफिसला जायची. त्या दिवशी ऊन कलल्यावर मी रेवाला घेऊन खाली आले, तिला बदामाखाली सोडलं आणि बाकावर बसले. हातात कादंबरी होती. शेवटची वीस पानं उरली होती. मी स्वतःला म्हटलं, एक डोळा पोरीवर ठेवू. दोन्ही डोळे पुस्तकात होते. किती वेळ, ते मला माहीत नाही. रेवाच्या किंकाळीने मी मान वर केली तेव्हा तिच्या हातात चुरगळलेलं पान होतं, ओठ लाल झाले होते आणि लाळ गळत होती.

मी जागची हलले नाही. तुम्ही खिडकीतून पाहिलं होतंत, धावत आलात. ओढणीचं टोक भिजवून तिच्या तोंडातला चोथा काढलात, जीभ पुसलीत, गार दही भरवलंत. "घाबरू नको बाय, खाजलंय तिला. आत गेलेलं नाय. तरी डाक्टरला दाखव." रिक्षा तुम्हीच थांबवलीत. डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, श्वासाला त्रास होत नाही ना तेवढं बघा. दिवेलागणीला रेवा बिस्कीट मागत होती.

मुक्ता आली ती पांढरीफटक पडून. तुम्ही विचारपूस करायला वर आला होतात, दारात उभ्या होतात. मुक्ताने मला विचारलं, "आई, तू कुठे होतीस?"

मला एकच भीती वाटली, आपा. पोरीच्या जिवाची नाही, ती तर समोर खेळत होती. हिला कळलं तर ही रेवाला पुन्हा माझ्याकडे ठेवणार नाही, ही भीती. मी म्हटलं, "तिथेच होते गं. तिला पाणी द्यायला बाटली उघडत होते, तेवढ्यात तिने तोंडात घातलं. ते झाडच तसलं आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत, ओढणी सारखी करत.

तुम्ही गेल्यावर मला ते दिसलं. चपलांच्या स्टँडवर, चपलांच्या मागे, माझी कादंबरी पालथी ठेवलेली होती. बाकावर राहिली होती. तुम्ही ती ओढणीखाली धरून वर आणली होतीत, मुक्ताला दिसू नये म्हणून. मी वाचत होते ते पानही मुडपू न देता. त्या कादंबरीचा शेवट मी अजून वाचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सावंत आले. मुक्ताने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता आणि लहान मुलांच्या आया तापल्या होत्या. "मॅडम, नोटीस लावायला लागेल. वेल काढायचा. तुम्ही लिहून द्या, तुमच्याच नातीचं मॅटर आहे."

मी लिहिलं. आधी 'खाजरी वनस्पती' असंच लिहिलं होतं, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. सावंतांनी वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "खाजरी काय, मॅडम. वजन नाय त्याला. लोक बोलतील, खाज सुटते म्हणून झाड तोडता का? 'विषारी' करा."

मला माहीत होतं. या इमारतीत ते नेमकं माहीत असलेली मी एकटी होते, आणि तुम्ही. तरी मी माझ्याच पेनाने 'खाजरी' खोडलं आणि वर 'विषारी' लिहिलं. कारण वेल जितका विषारी, तितकी माझी चूक लहान. खाजऱ्या पानाने पोरगी रडली असती तर लोकांनी विचारलं असतं, आजी काय करत होती? विषारी म्हटल्यावर कुणीच विचारलं नाही.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गेटजवळील झाडावर वाढविलेली विषारी वनस्पती लहान मुलांच्या जिवास धोकादायक असल्याने काढून टाकण्यात येत आहे. संबंधितांनी यापुढे आवारात अशी लागवड करू नये. कृपया नोंद घ्यावी."

'संबंधितांनी' म्हणजे तुम्ही. नाव लिहिलं नाही, याचा तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला होता.

माळी कोयता घेऊन आला त्या सकाळी मी गॅलरीत पडद्याआड उभी होते. वेल सोलून काढावा तसा निघाला, मुळांचे ठसे खोडावर राहिले. माळ्याच्या हाताला चीक लागला आणि तो खाजवायला लागला. तुम्ही घरातून खोबरेल घेऊन आलात आणि त्याला रागावलात, "हाताला पिशवी तरी बांधायची ना, बाबा." तुमचाच वेल तोडणाऱ्या हाताला तुम्ही तेल लावत होतात. मी आत गेले.

वेलाचं मला तितकं वाईट वाटलं नसतं. पण तो शब्द वेलावर थांबला नाही. लिफ्टमध्ये दोघीजणी बोलत होत्या. "खालच्या आपांकडून काय आलं तर बघून खा हं, पानबिन असेल त्यात." दुसरी हसली. मीही हसले. मोठ्याने नाही, पण त्यांना दिसेल इतपत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी ईदला सांदणं आली नाहीत. दर वर्षी तुम्ही स्वतः मजल्यामजल्यावर यायच्या, डब्यावर पांढरं फडकं, वाफ येणारी सांदणं, मला एक जास्त कारण मी एकटी. त्या वर्षी तुम्ही कुणाच्याच दारात आला नाहीत. लोक म्हणाले, आपांचं वय झालं. मला माहीत होतं की तसं नाही. तुमच्या हातचं घ्यावं की न घ्यावं, असा विचार करायची वेळ तुम्ही कुणावर आणली नाहीत. पुन्हा एकदा तोंड फिरवलंत, एवढंच.

ईदनंतर आठवड्याभराने आपण गेटपाशी समोरासमोर आलो. मला टाळता आलं नाही. तुम्ही विचारलंत, "रेवा कशी हाय?"

"बरी आहे."

"नोटीस वाचली मी. माज्या निलोफरने वाचून दाखवली." तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. "छापलेली हाय, पन 'कृपया नोंद घ्यावी' तूच लिवतेस. दुसरं कोन लिवणार इथे." मग तुम्ही पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत. "एक शब्द चुकलाय, बाय. बाकी बरोबर हाय."

तुम्ही थांबलात. मला वाटतं, तुम्ही मला वेळ दिलात. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "दूध उकळतंय वर," आणि गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं मी मागच्या गेटने ये-जा केली. त्या बाजूने भाजीवाला जवळ पडतो, असं मुक्ताला सांगितलं. रेवा माझ्याकडे येत राहिली. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. ती आता साडेतीन वर्षांची आहे आणि त्या बदामाखाली खेळत नाही, तिथे विषारी झाड होतं असं ती इतर मुलांना सांगते. हा शब्द तिला मी शिकवला.

काल मी खाली गेले. निलोफर तुमच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती. मला बघून उठायला लागली, मी बस म्हटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काचेची बाटली होती, पाण्यात एक पेर, पांढरी मुळं आणि दोन पानं. म्हणजे माळ्याने सगळं नेलं नव्हतं.

निलोफर म्हणाली, "आंटी, त्या झाडावरून मी अम्मीला लई बोलले होते. म्हटलं, एवढी मोठी झालीस आणि कळत नाही? पोरं खेळतात तिथे विषारी झाड लावतेस? ती काहीच बोलली नाही. नंतर सॉरी म्हणायचं राहिलं." ती डोळे पुसत होती. "तुमच्या नातीला काही झालं असतं तर आम्ही तोंड कुठे दाखवलं असतं?"

तुम्ही तिलाही सांगितलं नव्हतं. तुमच्या पोटच्या मुलीला. दोन वर्षं तिचं बोलणं ऐकून घेतलंत आणि माझं पुस्तक ओढणीखालून बाहेर काढलं नाहीत.

मी तिला सांगितलं. पुस्तक, वीस पानं, पाण्याची बाटली, खोडलेला शब्द, सगळं. लिफ्टमधलं हसणंसुद्धा. बोलताना मी साडीच्या घडीकडे बघत होते.

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग तिने विचारलं, "अम्मीला माहीत होतं?"

"पुस्तक त्यांनीच आणून दिलं."

निलोफर उठली, खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाटली तिच्या डाव्या हाताला होती, मला सहज घेता आली असती. तुमचा तो खेळ तुम्ही तिला सांगितला होता की नाही, मला माहीत नाही. ती मला नेऊ देत होती, की तिला माझं तोंड बघायचं नव्हतं, तेही मला कळलं नाही. दोन्ही तिला शोभलं असतं. मी बाटलीला हात लावला नाही. दार ओढून घेतलं आणि वर आले.

निलोफर रविवारपर्यंत आहे. हे आधी बोर्डवर लागू दे, सगळ्यांनी वाचू दे, मुक्तानेही. मग मी पुढच्या गेटने येईन, तुमची बेल वाजवीन आणि तो तुकडा मागेन. तिने नाही म्हटलं तर नाही. मागितलेला लागत नाही म्हणायच्या तुम्ही. आपला एक वाद आधीच अर्धा राहिलाय, हाही राहू दे.

सावंत हे वाचून म्हणतील, मॅडम, फार लांब झालं, बोर्डवर बसणार नाही. तर त्यांनी शेवटचं तेवढं लावावं. तुम्ही सांगितलं होतं तसंच लिहिलंय, बाकी काही बदललेलं नाही.

शुद्धिपत्र. गेटजवळील वेलासंबंधी दोन वर्षांपूर्वी लावलेल्या सूचनेत 'विषारी' या शब्दाऐवजी 'खाजरी' असे वाचावे. त्या वेळी मुलीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी जिची होती ती व्यक्ती पुस्तक वाचत बसली होती. वेल लावणाऱ्या हलीमाआपांची यात कोणतीही चूक नव्हती, आणि सूचना लिहिणारीला हे तेव्हाही माहीत होते. कृपया नोंद घ्यावी.